गुरुवार, एमआयडीसी आणि एक ओली गादी

पुण्याचा रविवार रविवारीच येतो. भोसरी एमआयडीसीचा मात्र गुरुवारी येतो! राज्यातले सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहू नयेत, विजेचा भार आठवडाभर वाटला जावा, म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून दिले गेले. आपल्या पट्ट्याच्या वाट्याला आला गुरुवार. त्यामुळे इथं नोकरीला लागलेल्या पोराचं पहिलं दुःख म्हणजे पुण्यातल्या मित्रांचा वीकेण्ड आणि त्याचा वीकेण्ड कधी जुळतच नाही. आणि पहिलं सुख म्हणजे गुरुवारी सकाळच्या शोला थिएटर रिकामं!

गुरुवारी भोसरीच्या एस ब्लॉकमधून बाइकवर एक चक्कर मारून बघा. एरवी पॉवर प्रेसच्या धडधडीत शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी शटर खाली, वॉचमनचा मोबाइल गाणी वाजवतोय आणि बंद गाळ्यांच्या पायऱ्यांवर मांजरं. भुरी, काळी, तीनरंगी, कान फाटलेले बोके. बाकीचे सहा दिवस ही मंडळी असतात कुठे, कोण जाणे.

या वेळच्या गुरुवारी मी मुद्दाम मांजरं बघायलाच निघालो होतो. कारण एक ओली गादी.

माझा मित्र आणि वहिनी मोशीला राहायचे, स्पाइन रोडजवळ, भाड्याच्या वन बीएचकेत. तो चाकणला, तीन शिफ्टमध्ये. ती हिंजवडीत, रात्रीच्या प्रोसेसला. घरात तिसरी वॉशर. तीन वर्षांची मांजरी. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये वॉशरने भरलेल्या क्रेटमध्ये सापडली, म्हणून हे नाव. ऑपरेशन झालेलं, स्वभावाने गरीब, लिटर ट्रे सोडून कधी कुठे गेली नाही. आणि दिवाळीनंतर अचानक गादीवर शू. मग सोफ्यावर. मग परत गादीवर, तीही मित्राच्याच बाजूला!

‘मुद्दाम करते रे,’ मित्र म्हणाला. ‘मी सेकंड शिफ्टला गेलो की डूख धरते.’

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपायला महिना उरलेला. घरमालक काकांनी दारातच नाक मुरडून ‘वास कसला येतोय?’ विचारलेलं. डिपॉझिट टांगणीला. मित्राने त्याच्यापुरता उपाय शोधला होता. ‘भोसरीहून आणली, भोसरीलाच सोडून येतो. तिथं एवढी मांजरं जगतात, ही पण जगेल.’ वहिनी काही बोलली नाही. वॉशरला मांडीवर घेऊन बसून राहिली.

मी म्हटलं, ‘मला एक गुरुवार दे.’

मी क्वालिटीवाला. पार्टमध्ये लोच्या निघाला की कस्टमर विचारतो, ‘रूट कॉज काय?’ त्यावर ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असं लिहून पाठवलं की रिपोर्ट जसाच्या तसा परत येतो. माणूस चुकला हे उत्तर झालं नाही. तो चुकू शकला असं तिथं काय होतं, हे शोधायचं. मग आम्ही टेबलाभोवती बसून पाच वेळा ‘का?’ विचारतो, माशाच्या काट्यासारखी आकृती काढतो आणि चार ‘एम’ तपासतो : मशीन, मेथड, मटेरियल, मॅन. फंडा जपानचा. काटा इशिकावांचा, पाच ‘का’ टोयोटाचे. पण चाकण-भोसरीत आता तो वडापावाइतका आपला झालाय.

‘मुद्दाम करते’ म्हणजे आमच्या भाषेत ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’. रिपोर्ट परत!

गंमत म्हणजे मांजरांच्या डॉक्टरांनीही असेच रकाने पाडलेत. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय मांजरवैद्यक संघटनांनी मिळून ट्रेबाहेर शू-शी करणाऱ्या मांजरांसाठी मार्गदर्शिका काढली. त्यांचेही गट चार : एखादा आजार, कारण न सापडणारी मूत्राशयाची सूज, हद्द आखण्यासाठी मारलेले फवारे, आणि घरातली व्यवस्था व सोबतची मंडळी. ‘सूड’ नावाचा रकाना त्यात नाही. तर चला, बाइकला किक मारू. निगडीहून निघायचं आणि चार एम शोधत चाकणला पोचायचं.

मशीन : पिंपरी

सुरुवात मशीनपासून, म्हणजे शरीरापासून. हा रकाना नेहमी पहिला. मांजर आजारी असताना घरातल्या वस्तू कितीही हलवा, उपयोग शून्य.

जुन्या मुंबई-पुणे हायवेवर पिंपरीत मेट्रोचे खांब सोबतीला येतात. मार्च २०२२ मध्ये इथून फुगेवाडीपर्यंत मेट्रो धावली, पुढच्या वर्षी ती पुण्यात शिरली. त्या खांबांच्या कडेला आहे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. जुन्या पिंपरीकरांसाठी नुसतं ‘एचए’. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिलेली ही सरकारी कंपनी. आपलं पेनिसिलिन आपण बनवायचं, म्हणून. एमआयडीसी १९६२ ची, म्हणजे एचए तिच्याही आधीची. या पट्ट्यातल्या कारखानदारीची ही थोरली बहीणच म्हणा ना.

या गेटसमोर उभं राहून सांगायला विचित्र वाटतं, पण पिंपरीने देशाला जे औषध दिलं, ते वॉशरसारख्या तरुण मांजराला बहुतेक वेळा लागतच नाही. शूचा त्रास झाला की आपण आधी म्हणतो, ‘इन्फेक्शन असेल, अँटिबायोटिक द्या.’ माणसात ते बऱ्याचदा खरं असतं. दहा वर्षांच्या आतल्या मांजरांत मात्र जिवाणूंचं इन्फेक्शन क्वचित सापडतं. निम्म्याहून अधिक केसेसमध्ये निघते ती फिलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाची सूज. ‘इडिओपॅथिक’ म्हणजे डॉक्टरी भाषेत ‘कारण सापडलं नाही’. आमच्या बॉसने असा रिपोर्ट फाडूनच टाकला असता!

पण डॉक्टर तिथेच थांबलेले नाहीत. या मांजरांत ताणाला तोंड देणारी यंत्रणाच जरा जास्त हळवी असते, असं अभ्यासातून दिसलंय. घरात काहीतरी बदलतं, ताण वाढतो, मूत्राशयाचं आतलं अस्तर दुखरं होतं. मग मांजर सारखं सारखं बसतं, थेंब-थेंब होते, कधी त्यात रक्त असतं. ट्रेमध्ये बसल्यावर दुखलं की त्याच्या डोक्यात हिशेब पक्का : दुखतं ते या ट्रेमुळे. मग ते मऊ, सुरक्षित जागा शोधतं. सापडते गादी. आपल्याला वाटतं, बिछान्यावर राग काढला.

दुसरी एक गोष्ट मांजराच्या खानदानात आहे. आपल्या मांजरांचा पूर्वज हा आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातला रानमांजर. कमी पाण्यावर जगायचं आणि शू घट्ट करून पाणी वाचवायचं, ही त्याची रीत. शहरातलं मांजर दिवसभर कोरडे दाणे खातं, तहान मात्र वाळवंटातलीच. म्हणून ओलं खाणं, घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याचे पसरट वाडगे, हे साधे उपाय डॉक्टर आवर्जून सांगतात. वयस्कर मांजराचा हिशेब वेगळा. तिथं किडनी, डायबेटीस, इन्फेक्शन, शिवाय दुखरे सांधे. उंच काठाच्या ट्रेत पाय टाकवत नाही म्हणून बिचारं बाहेरच उरकतं.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात. बोका ट्रेमध्ये कुंथतोय, ओरडतोय आणि शू होतच नाहीये, तर शिफ्ट सोडा, मीटिंग सोडा, तडक डॉक्टर गाठा. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबते. रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदय बंद पडू शकतं. दोन दिवसांत खेळ खलास. बद्धकोष्ठ असेल म्हणून थांबू नका. आणि घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका. आपल्याला ताप उतरवणारी ती गोळी मांजराला विष आहे.

वॉशरची तपासणी आदल्या आठवड्यात झाली होती. खडा नाही, जिवाणू नाहीत, लघवीत थोडं रक्त. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं आणि विचारलं, ‘घरात काय बदललंय?’ मित्राने उत्तर दिलं, ‘काहीच नाही.’

क्वालिटीवाल्याला हे उत्तर ऐकलं की कामाला लागावंच लागतं.

मेथड : वाकड

नाशिक फाट्याच्या दुमजली पुलाखालून वाकडचा रस्ता धरला. पिंपळे सौदागर, कोकणे चौक, जगताप डेअरी. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी इथं शेतं होती हे आता सांगूनही पटत नाही. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. वाढलेली मंडळी राहतात कुठे, त्याचं उत्तर या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं आहे. वीस-वीस मजली.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे चहाला थांबलो. तिच्याकडे दोन मांजरं, वास शून्य. मला तिची मेथड बघायची होती.

टॉवर कुठलाही असो, बिल्डर कुठलाही असो, आपल्याकडे लिटर ट्रेची जागा ठरलेली : ड्राय बाल्कनी. कारण सोपं. तिथं वास बाहेर जातो आणि पाहुण्यांना दिसत नाही. आता मांजराच्या उंचीवरून बघा. डोक्याशी वॉशिंग मशीन, जे स्पिनला आलं की हेलिकॉप्टरसारखं थरथरतं. जाळीपलीकडे गुटुर्गू करणारी कबुतरं. यायला-जायला एकच चिंचोळा दरवाजा, तोही आपण डासांसाठी सातला लावून घेतो. शू करताना मांजर सगळ्यात बेसावध असतं. अशा जागी कोण बसेल? आपल्या कंपनीतलं टॉयलेट कॉम्प्रेसर रूममध्ये असतं तर आपणही दुसरी जागा शोधलीच असती.

मैत्रिणीची व्यवस्था साधी होती. मांजरं दोन, ट्रे तीन. मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, हा जगभरचा नियम. तिन्ही वेगवेगळ्या जागी, कारण शेजारी-शेजारी ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच. एकही झाकणाचा नाही. झाकण आपल्यासाठी असतं. आत वास कोंडतो आणि बाहेर कोण टपलंय ते मांजराला दिसत नाही. आकार मांजराच्या लांबीच्या दीडपट. दुकानातले बरेच ट्रे त्या मानाने लहान. हिने कंपनीतल्यासारखा सहाशे बाय चारशेचा बंद तळाचा प्लास्टिक क्रेट आणून एक बाजू कापून बुटकी केलेली. सही आयडिया! गोळे रोज दोनदा उचलायचे, खाण्यापिण्याचे वाडगे लांब ठेवायचे.

पुसायचं कसं, हेही तिच्याकडून शिकण्यासारखं. आपला हात आधी फिनाइलकडे जातो. थांबा. मांजराच्या यकृताला फिनॉल जातीची रसायनं नीट निकामी करता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चालायचं आणि मग पंजे चाटायचे, म्हणजे विष पोटात. अमोनियावालं क्लीनरही नको, त्याचा वास शूसारखाच. मांजराला वाटतं, इथंच तर करायची असते! मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं एक द्रव्य असतं. ते हळूहळू फुटतं आणि त्यातून गंधकाचा तो कुप्रसिद्ध वास सुटत राहतो, म्हणून चार दिवसांनी ‘परत केली की काय?’ असं वाटतं. त्यावर एन्झाइमवाला क्लीनर चालतो. नसेल तर एन्झाइम असलेल्या वॉशिंग पावडरचं कोमट पाणी, मग साधं पाणी, मग कडक ऊन.

निघताना तिने शेजारचा किस्सा सांगितला. ग्राउंड फ्लोअरच्या एका घरात मांजर पडद्यावर आणि सेफ्टी डोअरवर शू करतं. हा डिफेक्टच वेगळा! खाली बसून मोठं थारोळं म्हणजे शू. उभं राहून, शेपटी थरथरवत, भिंतीवर उडवलेली चूळभर पिचकारी म्हणजे फवारा. फवारा ही पाटी असते : ‘इथं मी राहतो.’ पार्किंगमध्ये नवा बोका आला, काचेतून दिसला, की आतला खिडकी-दारांवर पाट्या लावत सुटतो. बाहेरून आलेल्या बुटांवर, सॅकवरही लावतो, कारण त्यांना परक्या जगाचा वास असतो. बोक्याची नसबंदी केली तर दहापैकी जवळपास नऊ जणांत हे खूप कमी होतं किंवा थांबतं. खिडकीच्या खालच्या भागाला फिल्म चिकटवून बाहेरचा बोका दिसेनासा करणं हाही उपाय.

आणि मांजरं किती पाळावीत? फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरच्या एका सोसायटीत वासाच्या तक्रारींनंतर एकाच फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरं आढळल्याची बातमी गाजली. ते टोक झालं. पण वन बीएचकेत तिसरं मांजर आणण्याआधी तिसऱ्याची हद्द कुठून आणणार, एवढं मनाशी विचारायला हरकत नाही.

मटेरियल : भोसरी

परत फिरून भोसरीत. एस ब्लॉकमध्ये गुरुवारची शांतता. एका गाळ्याच्या दारात वॉचमन मामा चहा पीत बसलेले, पायाशी दोन मांजरं. आत फरशीवर सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकलेला. भुशावर पंजांचे ठसे.

हा भुसा आणि लिटर यांचं जवळचं नातं आहे. पूर्वी आपल्याकडे ट्रे हा प्रकारच नव्हता. मांजर परसात जायचं, चुलीच्या राखेत, वाळूच्या ढिगात उकरायचं, उरकायचं, झाकायचं. अमेरिकेतही घराघरांत राख नि वाळूच होती. १९४७ मध्ये मिशिगन राज्यात एडवर्ड लोव नावाच्या तरुणाकडे शेजारीण आली, मांजरासाठी वाळू मागायला. लोव कुटुंबाचा धंदा कारखान्यात सांडलेलं तेल-पाणी शोषणारा माल विकण्याचा. त्याने तिला वाळूऐवजी शोषक माती दिली, आपल्या मुलतानी मातीच्या जातीची. तीच पुढे ‘किटी लिटर’ म्हणून विकली गेली. म्हणजे मांजराच्या ट्रेचा जन्म शॉप फ्लोअरवरचा!

पुढची कडी तर आणखी आपली. ओलं झालं की गोळा होणारं आजचं लिटर बहुतेक वेळा बेंटोनाइटचं असतं. आणि बेंटोनाइट म्हणजे काय, हे फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा. वाळू, बेंटोनाइट, पाणी, थोडी कोळशाची पूड. हे मिश्रण मुठीत दाबलं की मूठ उघडल्यावरही आकार धरून राहतं. त्याचेच साचे करून कास्टिंग ओततात. जी माती इंजिनाच्या कास्टिंगचा साचा धरून ठेवते, तीच शूचा गोळा धरते. आपल्या देशात ती मोठ्या प्रमाणावर कच्छमधून येते. (फाउंड्रीची वापरलेली वाळू मात्र घरी नेऊ नका. तिच्यातली धूळ आणि रसायनं ना मांजराला चांगली, ना तुम्हाला.)

मांजरांना निवड करायला दिली की बहुतेक जण बारीक, बिनवासाचं, गोळा होणारं लिटर पसंत करतात. आपण आणतो लॅव्हेंडरवालं. पंजाला टोचणारे मोठे दाणे, नाकाला झोंबणारं अत्तर. मित्राकडेही दिवाळीच्या सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून लिंबाच्या वासाचं, जाड दाण्यांचं पोतं आलं होतं. ‘घरात काय बदललं?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे.

मामांना मी सहज विचारलं, घरातलं मांजर इथं आणून सोडलं तर जगेल का? मामा हसले नाहीत. ‘आणतात की. गाडी थांबते, पिशवी उघडते, गाडी जाते. घरातलं मांजर लगेच ओळखू येतं साहेब. इथली मांजरं माणूस बघून पळतात. ते माणसाकडे पळत येतं.’ मग इथले बोके त्याला एका गाळ्यावरून दुसऱ्या गाळ्यावर हुसकत राहतात. शुक्रवारी सकाळी प्रेस सुरू झाल्या की ते जे बुजतं, ते परत दिसत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. बाइकच्या पार्किंगला याहून जास्त जातात.

मॅन : मोशी, चाकण

चौथा एम सगळ्यात अवघड. नाशिक हायवेने मोशीकडे निघालो. इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, आळंदी फाटा, कुरुळी आणि मग चाकणचं जगप्रसिद्ध ट्रॅफिक. गुरुवारीसुद्धा! दोन कंटेनरच्या मध्ये अडकलं की विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

कंपनीच्या बस समोरून येत होत्या. सेकंडची पब्लिक आत, फर्स्टची बाहेर. खराबवाडी, महाळुंगे, नाणेकरवाडीतल्या खोल्यांत एकच कॉट तीन शिफ्टचे तीन जण वाटून घेतात. या पट्ट्यात घड्याळं तीन आहेत. दर आठवड्याला माणूस एका घड्याळातून दुसऱ्यात उडी मारतो. आपल्याला पगार मिळतो म्हणून आपण मारतो. मांजराचं घड्याळ एकच.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला. २०११ मध्ये तो छापून आला. ३२ मांजरं, ७७ आठवडे. त्यातली २० मूत्राशयाच्या दुखण्याची, १२ ठणठणीत. रोजचा क्रम नीट चालू असताना दुखणेकरी मांजरंही छान असायची. पण क्रम मोडला, म्हणजे खाण्याची वेळ किंवा सांभाळणारं माणूस बदललं, की खाणं कमी, उलट्या, चोवीस तास ट्रेकडे न फिरकणं किंवा ट्रेबाहेर जाणं. आणि हे दोन्ही गटांत. ठणठणीत मांजरंही सुटली नाहीत.

आता मित्राचं घर बघा. दिवाळीपर्यंत तो जनरल शिफ्टला होता. नोव्हेंबरपासून तीन शिफ्ट. वॉशरचं खाणं कधी सकाळी सहाला, कधी दुपारी साडेतीनला, कधी वहिनी रात्री बाराला कॉलवर असताना. त्याच महिन्यात नवीन लिटर आलं, ड्राय बाल्कनीत नवीन वॉशिंग मशीन आलं. आणि गावाहून आलेले आई-बाबा पंधरा दिवस राहिले, तेव्हा रात्री बेडरूमचं दार बंद. म्हणे काहीच बदललं नाही!

संध्याकाळी मोशीला त्यांच्या घरी पोचलो आणि वर्तमानपत्राच्या मागच्या कागदावर चेकशीट आखून दिली. तारीख, वेळ, जागा, थेंब की थारोळं, शिफ्ट कोणती. महिनाभराने कागद बोलायला लागला. गादी ओली व्हायची ती शिफ्ट बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत. आणि त्याचीच बाजू का? तर घरात त्याचा वास सगळ्यात जास्त तिथं. तोच गायब होता, म्हणून जिथं तो होता तिथं आपला वास मिसळून ती दोघांची जागा पक्की करत असेल, असं मला वाटतं. मांजर हे लिहून देणार नाही. पण मित्र त्यानंतर ‘डूख’ हा शब्द बोलला नाही.

मग दुरुस्त्या. खाणं सकाळी आठ आणि रात्री आठ, शिफ्ट कुठलीही असो. कुणीच घरी नसेल तर टायमरवाला फीडर. जुनं बारीक लिटर परत. एक ट्रे बेडरूमच्या कोपऱ्यात, एक हॉलमध्ये, ड्राय बाल्कनीतला बंद. कपाटावर चढायला जागा, खिडकीत बसायला फळी, रोज दहा मिनिटं दोरीचा खेळ. ओरडणं बंद, कारण ओरडल्याने ताणच वाढतो.

अ‍ॅग्रीमेंट काही वाढलं नाही. काकांनी रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापून घेतले, ते योग्यच होतं. दोघं चिखलीला शिफ्ट झाले, वॉशरसकट. नवीन घरात आठवडाभर ती एकाच खोलीत राहिली. तिचं न धुतलेलं पांघरूण, तिचा जुना ट्रे, दार बंद. मग एकेक खोली उघडली. चार महिन्यांत गादी दोनदा ओली झाली, दोन्ही वेळा थर्ड शिफ्टच्या पहिल्या दिवशी. शून्य रिजेक्शन नाही, पण असा ट्रेंड कुठलाही कस्टमर मान्य करेल.

या पट्ट्यात जवळपास प्रत्येक जण कुठून तरी आलेला. लातूरहून, जळगावहून, बिहारहून. नवीन रूमवर पहिल्या आठवड्यात झोप लागत नाही, मेसचं जेवण जात नाही, ॲसिडिटी होते. आपण त्याला ‘सेट व्हायला वेळ लागतो’ म्हणतो आणि एकमेकांना सांभाळून घेतो. मांजराला सेट व्हायला वेळ लागला की त्याला आपण नालायक ठरवतो, एवढाच फरक.

तर मंडळी, गादी ओली दिसली तर आधी डॉक्टर, मग कागद-पेन. तारीख, वेळ, जागा, शिफ्ट. महिनाभर लिहा आणि मग ठरवा रूट कॉज काय ते.

आणि हो, तोपर्यंत गादीला प्लास्टिकचं कव्हर घाला.